रक्तदानानंतर कळलेली ‘पांढरी कावीळ’: गोळीच्या आधीचे प्रश्न

नमस्कार. तुमचा प्रश्न सविस्तर आहे, त्यामुळे उत्तरही सविस्तर देतो. तुमच्या एकतीस वर्षांच्या धाकट्या भावाने गणेशोत्सवातील शिबिरात आयुष्यात पहिल्यांदा रक्तदान केले, काही दिवसांनी रक्तपेढीने बोलावून घेतले आणि ‘हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह’ असल्याचे सांगितले. यकृताला होणाऱ्या याच विषाणूच्या संसर्गाला लोक पांढरी कावीळ म्हणतात. त्यानंतर केलेल्या यकृताच्या तपासण्यांत बिलिरुबिन (कावीळ मोजणारा घटक) ०.८, एसजीओटी ३४, एसजीपीटी ३८ (ही दोन्ही यकृताच्या पेशींतली द्रव्ये) आणि प्लेटलेट २ लाख १० हजार असे आकडे आले. एका डॉक्टरांनी ‘हा नुसता कॅरिअर (विषाणू बाळगणारा, पण आजारी नसलेला) आहे, काही करायची गरज नाही’ असे सांगितले, दुसऱ्यांनी ‘आजपासून आयुष्यभर गोळी’ असे सांगितले, आणि आईचा आग्रह गावाकडच्या कावीळ उतरवणाऱ्याकडे नेण्याचा आहे. या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारले आहे. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही दोन गोष्टी जाता जाता लिहिल्या आहेत: भावजय पाच महिन्यांची गरोदर आहे, आणि तुमचे वडील दारूला कधीही न शिवता चौपन्नाव्या वर्षी पोटात पाणी होऊन गेले.

मी गेली चोवीस वर्षे यकृताचे रुग्ण तपासतो आहे, आणि तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर मला या शेवटच्या दोन वाक्यांतच दिसतो. गोळी सुरू करायची की नाही, हा प्रश्न दोन-तीन आठवडे थांबू शकतो. हा विषाणू घरात आणखी कोणाच्या रक्तात आहे आणि जन्माला येणाऱ्या बाळापर्यंत तो पोहोचू शकतो का, हे प्रश्न मात्र थांबू शकत नाहीत. म्हणून उत्तराचा क्रम मी थोडा बदलतो आहे.

सर्वप्रथम भावजयीच्या गरोदरपणाची फाइल उघडून बघा. सुरुवातीच्या रक्ततपासण्यांमध्ये एचआयव्हीच्या बरोबरीने एचबीएसएजी ही हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधणारी तपासणी सहसा केलेली असते. केली नसेल, तर या आठवड्यात करून घ्या, आणि तिच्यासोबत एकूण अँटी-एचबीसी (आजवर कधी लागण झाली का ते सांगणारी) व अँटी-एचबीएस (संरक्षण आहे का ते सांगणारी) या दोन तपासण्याही करा. तिन्ही निगेटिव्ह असतील, तर तिला विषाणूची लागण झालेली नाही आणि लसीचे संरक्षणही नाही, असा अर्थ होतो. तसे असल्यास लस आताच सुरू करावी. या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे ती गरोदरपणात देता येते. पहिला डोस, एका महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा, असा तिचा नेहमीचा क्रम आहे. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएसची पातळी १० एककांपेक्षा अधिक आल्याची खात्री होईपर्यंत पती-पत्नींनी निरोध वापरावा.

ती पॉझिटिव्ह निघाली, तरी घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण पाचवा महिना म्हणजे हाताशी पुरेसा वेळ आहे. अशा वेळी तिच्या रक्तातील विषाणूंची संख्या, म्हणजे एचबीव्ही डीएनए, मोजावी लागते. ती दर मिलिलिटरला २ लाख आंतरराष्ट्रीय एककांहून अधिक असेल, तर गरोदरपणातच टेनोफोव्हिर ही विषाणूची वाढ रोखणारी गोळी सुरू करतात. ती फार तर अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत सुरू व्हावी, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार दुसऱ्या तिमाहीपासूनही देता येते. बाळ जन्मले की चोवीस तासांच्या आत लसीचा पहिला डोस, आणि आई पॉझिटिव्ह असल्यास शक्यतो बारा तासांच्या आत दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन. हे इंजेक्शन ऐन वेळी मिळेलच असे गृहीत धरू नये. आठव्या महिन्यातच प्रसूती जिथे होणार तिथे विचारून ते आणून ठेवण्याची व्यवस्था करावी. माझ्या पाहण्यातील एका कुटुंबाला सर्व माहीत होते, कागद तयार होते, पण प्रसूती रविवारी पहाटे झाली आणि इंजेक्शन सोमवारी दुपारी मिळाले. नशिबाने ते बाळ निगेटिव्ह राहिले, तरी त्या आईने पुढचे वर्ष कसे काढले ते मी जवळून पाहिले आहे. केवळ हिपॅटायटिस बी आहे म्हणून सिझेरियन करावे लागत नाही, आणि बाळाला लस मिळाल्यानंतर आईने अंगावर पाजण्यास हरकत नाही. आई पॉझिटिव्ह असलेल्या बाळाची रक्ततपासणी साधारण नवव्या ते बाराव्या महिन्यात करून संरक्षण मिळाल्याची खात्री करतात. आई निगेटिव्ह असली, तरीही बाळाला जन्मतः मिळणारा डोस चुकवू नका, कारण वडील पॉझिटिव्ह आहेत आणि बाळ त्याच घरात वाढणार आहे.

पहिल्या चोवीस तासांविषयी मी इतका आग्रही का, तर या विषाणूच्या बाबतीत लागण कोणत्या वयात होते यावर पुढचे जवळजवळ सगळे अवलंबून असते. जन्माच्या वेळी लागण झालेल्या शंभरांपैकी सुमारे नव्वद मुलांमध्ये तो कायमचा राहतो. निरोगी प्रौढाला लागण झाली, तर शंभरांपैकी पाचांपेक्षाही कमी जणांत तो टिकतो आणि बाकीच्यांचे शरीर त्याला स्वतःच आटोक्यात आणते. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती विषाणूला परका म्हणून ओळखतच नाही, आणि न ओळखल्यामुळे लढतही नाही. म्हणून बाळाला ताप येत नाही, कावीळ होत नाही, कोणाच्या काही लक्षात येत नाही, आणि तीस वर्षांनी एखाद्या रक्तदान शिबिरात ती गोष्ट उघड होते.

तुमच्या भावाची हकीकत बहुधा अशीच आहे. आपल्या देशात ही लस राष्ट्रीय लसीकरणात सर्वत्र २०११ पासून मिळू लागली, त्याआधी ती फक्त काही निवडक भागांत होती. एकतीस वर्षांपूर्वी जन्मलेल्या मुलाला ती मिळालेली असण्याची शक्यता फार कमी आहे. त्याला लागण कधी झाली, हे आज कोणतीही तपासणी नेमके सांगू शकत नाही, पण जन्माच्या वेळी आईकडून किंवा बालपणी घरातल्या कोणाकडून, याच शक्यता सर्वांत मोठ्या आहेत. यानंतर मी जे लिहितो आहे, ते कृपया जसेच्या तसे अमलात आणा: तुमची स्वतःची, तुमच्या आईची आणि इतर सर्व भावंडांची तपासणी करून घ्या. तुम्ही भावाविषयी चार परिच्छेद लिहिलेत आणि स्वतःविषयी एक शब्दही लिहिला नाही. तुम्ही एकाच आईची मुले आहात, एकाच घरात वाढला आहात, आणि तुमचे वय त्याच्याहून जास्त आहे. तुम्ही पॉझिटिव्ह असाल, तर विषाणू तुमच्या यकृतात बहुधा त्याच्यापेक्षा अधिक वर्षे राहिलेला आहे.

आईची तपासणी करताना तिला नीट समजावून सांगा. ‘माझ्यामुळे मुलाला झाले’ ही टोचणी एकदा लागली की ती सुटत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. तिच्या पिढीत ना तपासणी होती ना लस, आणि तिला ते कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. तपासणी दोष शोधण्यासाठी नाही, तिच्या स्वतःच्या यकृतासाठी आहे.

आता भावाच्या अहवालाकडे येतो. एचबीएसएजी पॉझिटिव्ह याचा अर्थ विषाणूच्या बाहेरच्या आवरणातील प्रथिन रक्तात सापडले, एवढाच आहे. ते खरोखर आहे का, किती काळापासून आहे, विषाणू किती वेगाने वाढतो आहे आणि यकृताचे किती नुकसान झाले आहे, या चार प्रश्नांची उत्तरे त्या एका शब्दात नसतात. तुम्ही दाखवलेल्या दोन्ही डॉक्टरांनी या चारांपैकी फार तर पहिल्याचे उत्तर हाती असताना निर्णय सांगितला, म्हणून ते एकमेकांच्या विरुद्ध गेले असे मला वाटते.

ते खरोखर आहे का, हे पाहण्यासाठी ताज्या नमुन्यावर तीच तपासणी पुन्हा करावी आणि एकूण अँटी-एचबीसी बघावी. रक्तपेढीची चाचणी अतिशय संवेदनशील ठेवलेली असते, कारण तिथे एकही दूषित पिशवी सुटून चालत नाही. त्यामुळे क्वचित खोटा पॉझिटिव्ह निकाल येतो. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आणि एकूण अँटी-एचबीसी निगेटिव्ह अशी जोडी आली, तर मला आधी निकालाचीच शंका येते. रक्तदानाच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत कोणी या लसीचा डोस घेतला असेल, तरीही काही दिवस असा निकाल येऊ शकतो, म्हणून भावाला तेवढे विचारून घ्या.

किती काळापासून आहे, हे ठरवायला वेळच लागतो. सहा महिन्यांनंतरही एचबीएसएजी पॉझिटिव्ह राहिले तर संसर्ग दीर्घकालीन मानतात. नव्या संसर्गाची शंका असेल तर आयजीएम अँटी-एचबीसी ही ताजी लागण ओळखणारी तपासणी उपयोगी पडते. तुमच्या भावाने पूर्वी रक्तदान केले असते आणि तेव्हा निकाल निगेटिव्ह असता, तर मी नव्या संसर्गाचा विचार आधी केला असता आणि अलीकडची इंजेक्शने, गोंदण, दाताचे उपचार, वस्तरा यांची चौकशी केली असती. २००९ मध्ये गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यातील मोडासा परिसरात हिपॅटायटिस बीची साथ आली होती आणि पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंजांमुळे ती पसरल्याचे उघड झाले होते, त्यामुळे हा मार्ग आपल्याकडे काल्पनिक नाही. तरीही तुमच्या भावाच्या बाबतीत त्याचे वय, जवळजवळ शांत असलेला एसजीपीटी आणि वडिलांची हकीकत पाहता मला जुना संसर्गच अधिक संभवनीय वाटतो.

विषाणू किती वेगाने वाढतो आहे, यासाठी दोन तपासण्या लागतात: एचबीईएजी (विषाणू जोमाने वाढत असताना रक्तात सापडणारे त्याचे दुसरे प्रथिन) आणि एचबीव्ही डीएनए. दुसरी तपासणी खासगी प्रयोगशाळेत महाग पडते आणि म्हणून बरेच जण ती टाळतात, पण तिच्याशिवाय कोणताही डॉक्टर अंदाजाने बोलत असतो. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला, आणि त्याखालील सरकारी उपचार केंद्रांत ही तपासणी आणि औषधे मोफत मिळण्याची तरतूद आहे. तुमच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन त्या केंद्राची चौकशी करा. गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागली, तर हा आधार फार मोठा ठरतो.

यकृताचे नुकसान किती झाले आहे, या चौथ्या प्रश्नाबाबत बहुतेकांची समजूत अशी असते की एलएफटी (यकृताच्या कामाची रक्ततपासणी) नॉर्मल आली म्हणजे यकृत ठीक आहे. ती बरोबर नाही. एसजीपीटी हे यकृताच्या पेशी आज किती मरत आहेत याचे माप आहे, गेल्या वीस वर्षांत किती व्रण साठले याचे नाही. सिरोसिस (व्रणांनी यकृत कडक होऊन आक्रसणे) झालेल्या रुग्णाचा एसजीपीटी ३० असलेला मी कितीतरी वेळा पाहिला आहे. शिवाय तुमच्या भावाचा ३८ हा आकडा प्रयोगशाळेने ‘नॉर्मल’ रकान्यात टाकला असला, तरी जागतिक आरोग्य संघटना या बाबतीत पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी १९ ही वरची मर्यादा धरते. म्हणजे त्याचा आकडा किंचित वाढलेला आहे. आता ही वाढ विषाणूमुळे आहे की यकृतातील चरबीमुळे, हे त्याचे वजन, कमरेचा घेर, साखर आणि सोनोग्राफी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

व्रणांचा अंदाज घेण्याचा एक सोपा मार्ग तुमच्या हातातल्या कागदावरच आहे. एसजीओटीला त्याच्या वरच्या मर्यादेने भागायचे, आलेल्या उत्तराला हजारांत मोजलेल्या प्लेटलेटने भागायचे आणि शंभराने गुणायचे. मर्यादा ४० धरली, तर ३४ भागिले ४० म्हणजे ०.८५, त्याला २१० ने भागून शंभराने गुणल्यास सुमारे ०.४ येते. या निर्देशांकाला आप्री म्हणतात, आणि तो ०.५ च्या वर गेला की लक्षणीय व्रणांची शंका घेतात. म्हणजे तुमच्या भावाचा आकडा सध्या समाधानकारक आहे, पण सीमेपासून फार लांबही नाही. त्यामुळे मी त्याला फायब्रोस्कॅन करून घ्यायला सांगेन. पोटावर प्रोब ठेवून यकृताचा कडकपणा मोजणारी ही तपासणी दहा-पंधरा मिनिटांची आहे, तिच्यात सुई नाही, वेदना नाही, फक्त तीन-चार तास उपाशी राहून जावे लागते. ७ किलोपास्कलच्या वर आकडा गेला तर काळजी घ्यावी लागते, आणि १२.५ च्या वर सिरोसिसचा विचार करतात.

आता त्या दोन डॉक्टरांचे मतभेद. पहिल्यांनी वापरलेला ‘कॅरिअर’ हा शब्द मी स्वतः वापरणे पुष्कळ वर्षांपूर्वी सोडले. ‘निष्क्रिय’ अवस्था खरोखर असते: एचबीईएजी निगेटिव्ह, डीएनए २ हजारांहून कमी आणि एसजीपीटी सतत नॉर्मल. पण ती ठरवायला वर्षभरात तीन-चार वेळा तपासणी करून सगळे आकडे शांत राहिल्याचे दिसावे लागते. एका अहवालावरून तो शिक्का मारता येत नाही, आणि मारलाच तर रुग्ण पुन्हा कधीच तपासणीला येत नाही, हा त्या शब्दाचा सर्वांत मोठा तोटा आहे. माझ्याकडे एक बेचाळीस वर्षांचे शिक्षक आले होते. त्यांना बारा वर्षांपूर्वी ‘तुम्ही फक्त कॅरिअर आहात, निश्चिंत राहा’ असे सांगण्यात आले होते, आणि ते तसे निश्चिंत राहिले होते. आले तेव्हा त्यांच्या यकृतात आठ सेंटिमीटरची गाठ होती. यकृतात सिरोसिस झालेला नव्हता, कारण हा विषाणू आपली जनुकीय सामग्री यकृताच्या पेशीच्या जनुकांतच घुसवतो आणि त्यामुळे व्रणांशिवायही कर्करोग होऊ शकतो. ते पाच महिन्यांनी गेले. त्यांच्यासाठी दर सहा महिन्यांनी एक सोनोग्राफी झाली असती, तर ती गाठ दोन सेंटिमीटरची असताना सापडली असती, असे मला आजही वाटते.

दुसऱ्या डॉक्टरांचा निर्णय कदाचित शेवटी बरोबर ठरेल, पण त्यांनी तो फार लवकर सांगितला. गोळी सुरू केली की डीएनए काही महिन्यांत खाली येतो आणि मग मूळ आकडा किती होता हे कायमचे कळेनासे होते. म्हणून तपासण्या आधी, गोळी नंतर. दोन-तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही. याला अपवाद म्हणजे डोळे पिवळे होणे, पोटात पाणी, गुंगी किंवा पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) वाढणे. यांपैकी काही दिसले, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि औषध लगेच सुरू करावे. तुमच्या भावाला यातले काहीही नाही.

तपासण्या हातात आल्यावर मी निर्णय कसा घेईन, तेही सांगतो. सिरोसिस किंवा लक्षणीय व्रण दिसले, तर एसजीपीटी कितीही असो, डीएनए कितीही असो, गोळी सुरू. डीएनए २ हजारांच्या वर आणि एसजीपीटी ३० च्या वर असे दोन्ही असले, तरी सुरू. डीएनए कोटींच्या घरात, एचबीईएजी पॉझिटिव्ह आणि एसजीपीटी पूर्ण शांत असे चित्र विशीतल्या मुलात दिसले तर पूर्वी आम्ही वाट पाहत असू, पण तिशी ओलांडल्यावर मी आता फारशी वाट पाहत नाही. यांपैकी काहीच नसेल, तर पहिले वर्ष दर तीन महिन्यांनी आणि नंतर दर सहा महिन्यांनी एसजीपीटी, आणि वर्षातून एकदा डीएनए व फायब्रोस्कॅन.

मात्र तुमच्या घरात एक गोष्ट या सगळ्या हिशेबाला बाजूला सारू शकते, आणि ती म्हणजे वडिलांचा मृत्यू. दारू न पिणाऱ्या माणसाला चौपन्नाव्या वर्षी जलोदर होणे म्हणजे सिरोसिस असण्याची दाट शक्यता, आणि त्यामागे हिपॅटायटिस बी असण्याचीही. पोटात पाणी होण्याची क्षयरोगासारखी इतरही कारणे आहेत, म्हणून मी खात्रीने बोलत नाही. पण जवळच्या नात्यात सिरोसिस किंवा यकृताचा कर्करोग असेल, तर अशा व्यक्तीला डीएनए आणि एसजीपीटीच्या आकड्यांची वाट न पाहता उपचार देण्याचा विचार करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२४ ची शिफारस आहे. माझ्या अनुभवाशीही ती जुळते. म्हणून आज माझा कल गोळी सुरू करण्याकडे आहे, आणि सर्व तपासण्या पूर्ण शांत निघून वडिलांचे निदान भलतेच ठरले, तरच तो बदलेल. गोळी घेतली वा न घेतली, तरी तुमच्या भावाची दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी आणि अल्फा-फीटोप्रोटीन ही यकृताच्या कर्करोगाची चाहूल घेणारी रक्ततपासणी मी चालू ठेवेन.

गोळीविषयी थोडे. टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम किंवा एन्टेकॅव्हिर ०.५ मिलिग्रॅम रोज एक, असे हे उपचार आहेत. विषाणू स्वतःच्या प्रती काढतो ती प्रक्रिया या गोळ्या थांबवतात. यकृताच्या पेशीच्या केंद्रकात विषाणूची जी मूळ प्रत रुतून बसलेली असते, तिला त्या हलवू शकत नाहीत, म्हणून हा उपचार दीर्घकाळ चालतो. टेनोफोव्हिरच्या जुन्या प्रकारात मूत्रपिंड आणि हाडांकडे लक्ष ठेवावे लागते, त्यामुळे क्रिएटिनिन ठरावीक अंतराने तपासतो. मूत्रपिंड नाजूक असेल तर २५ मिलिग्रॅमचा नवा प्रकार किंवा एन्टेकॅव्हिर वापरतो. एन्टेकॅव्हिर उपाशीपोटी घ्यायचे असते. पूर्वी लॅमिव्हुडिन दिले जाई, पण पाच वर्षांत सुमारे सत्तर टक्के रुग्णांत विषाणू त्याला दाद देईनासा होई, म्हणून एकट्या लॅमिव्हुडिनवर आता कोणी ठेवू नये.

रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला म्हणून गोळी स्वतःच्या मनाने थांबवणे, ही या आजारातली सर्वांत धोकादायक चूक आहे. निगेटिव्ह झालेला असतो तो डीएनए, एचबीएसएजी नव्हे. दाबून ठेवलेला विषाणू गोळी थांबताच उसळतो आणि त्यावर प्रतिकारशक्ती तुटून पडली की काही आठवड्यांत यकृत निकामी होऊ शकते. म्हणून सुरू करण्यापूर्वीच भावाला विचारा की तो रोज घेऊ शकेल का, औषध कुठून आणणार आहे, आणि बाहेरगावी गेल्यावर काय करणार आहे. एचआयव्हीची तपासणीही गोळीच्या आधी झालेली हवी, कारण टेनोफोव्हिर एचआयव्हीवरही काम करते आणि एकटे दिले तर तिथे प्रतिरोध तयार होतो. रक्तपेढीने ती आणि हिपॅटायटिस सीची तपासणी केलेली असते. त्यांचे निकाल मागून घ्या.

आईच्या आग्रहाविषयी. आपण कावीळ हा एकच शब्द अनेक आजारांना वापरतो, आणि घोळ तिथून सुरू होतो. पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई मध्ये डोळे पिवळे होतात, अन्नावरची वासना जाते, आणि बहुतेकांना चार ते सहा आठवड्यांत आपोआप बरे वाटते. त्याच काळात कोणी हातावर चुन्याचे पाणी चोळून पिवळे पाणी उतरवले, किंवा डोक्यावर माळ घालून ती वाढताना दाखवली, तर श्रेय त्याला मिळते. हिपॅटायटिस बीला लोक ‘पांढरी कावीळ’ म्हणतात ते यासाठी की डोळे पिवळे न होता ती आत राहते. जिथे उतरण्यासारखे पिवळेपण नाही, तिथे उतरवणारा काय उतरवणार? आईला हे प्रेमाने सांगा. ती माळ घालायला म्हणाली, तर घालू द्या, त्याने यकृताला इजा होत नाही. पोटात घ्यायच्या काढ्यांना आणि पुड्यांना मात्र ठाम नकार द्या. त्यांत काय असते ते देणाऱ्यालाही पुष्कळदा माहीत नसते, आणि आधीच विषाणू असलेल्या यकृतावर अशा औषधांचा मार बसून दगावलेले रुग्ण मी पाहिले आहेत. गुळवेलही या काळात टाळावी असे मी सांगतो, कारण करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आहे. त्या निष्कर्षावर वाद झाला, तरी तुमच्या भावाने तो धोका पत्करण्याचे कारण नाही.

हळद, तेल, तूप, तिखट यांपैकी काहीही बंद करू नका. रोजची भाकरी, भाजी, डाळ, अंडी, मासे चालतील. उसाच्या रसाने यकृत ‘साफ’ होत नाही, आणि वजन वाढलेले असेल तर त्यातली साखर उलट नडते. दारू मात्र पूर्ण बंद, अगदी कधीतरीचीही नाही.

आणि ताट-वाटी वेगळी करू नका. हा विषाणू एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने किंवा डासांमुळे पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो. वस्तरा, ब्लेड, दात घासायचा ब्रश आणि नेलकटर तेवढे स्वतंत्र ठेवा, कारण वाळलेल्या रक्तातही तो सात दिवस तग धरतो. माझ्या एका रुग्णाला घरच्यांनी चार वर्षे वेगळ्या स्टीलच्या ताटात वाढले, आणि तो लहान मुलांना जवळ घेईनासा झाला. त्याच्या यकृताचे सगळे आकडे उत्तम होते. ज्या दिवशी घरातल्या सगळ्यांना बोलावून लस दिली आणि त्यांच्यासमोर हे समजावले, त्या दिवशी तो माझ्यासमोर रडला. घरात ज्यांच्या तपासण्या निगेटिव्ह येतील त्या सर्वांना तीन डोस द्या, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

पुढे कधी भावाला कर्करोगाची औषधे, संधिवाताची इंजेक्शने किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड द्यायची वेळ आली, तर आधी हिपॅटायटिस बी असल्याचे सांगायचे, हे त्याच्या पाकिटात लिहून ठेवायला सांगा. प्रतिकारशक्ती दाबली गेली की हा विषाणू उसळतो, आणि गोळी आधीच सुरू असेल तर ते टाळता येते.

शेवटचे एक काम तुमच्यासाठी आहे. वडिलांच्या आजारपणातली जुनी फाइल आईच्या कपाटात असेल, तर ती शोधा. सोनोग्राफीचा कागद, एंडोस्कोपीचा कागद आणि रक्ताचे अहवाल त्यात असतील. रक्ताच्या कागदावर ‘एचबीएसएजी’ असे न लिहिता ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ असेही लिहिलेले असू शकते. साठच्या दशकात बरूच ब्लुमबर्ग यांना हे प्रथिन प्रथम ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीच्या रक्तात सापडले होते, आणि आपल्याकडच्या प्रयोगशाळांनी ते जुने नाव पुष्कळ वर्षे चालवले. त्या नावापुढे काय लिहिले आहे ते बघा, आणि तो कागद भावाच्या पहिल्या भेटीला सोबत घेऊन जा.